गुरुदासची गुहा

घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी गुरुदास डोळे मिटतो, श्वास रोखतो आणि उजव्या हाताचं बोट हवेत एकदा दाबतो. आमच्या वाडीत नवीन आलेल्यांना वाटतं, देवाचं नाव घेतोय. तो देवाचं नाव घेत नाही. तो सेव्ह करतो.

"भाई, वांयच रांव. सेव्ह करून घेतंय. फुडे काय इस्कटला, तर हंयसून परत सुरू करूक येता."

"काय परत सुरू करतलंस? ती बघ, बस गेली," मी म्हणतो.

म्हापशाची बस खरोखरच गेलेली असते. ती सेव्ह होत नाही.

गुरुदास माझा शेजारी. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायचा. कारखान्याने जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा लोकांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. ह्याने एक कॉम्प्युटर नेला, त्याच्या पोटातल्या जुन्या साहसी खेळांसकट. शिवाय निळ्या रंगाचे उरलेले डबे नेले आणि त्या एकाच रंगात अख्खं घर आतून रंगवून काढलं. मी मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. आमच्या घरांमध्ये एक कुंपण आहे आणि ते पुरेसं उंच नाही.

गुरुदासबद्दल गावात जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं मीच बोललेलो आहे. म्हणून दुरुस्तीही मलाच करायला हवी. पण त्याने मला किती छळलंय, हेही नोंदवल्याशिवाय मी राहणार नाही.

साहसी खेळांच्या इतिहासातले मैलाचे दगड कोणते, हा प्रश्न त्याला कोणीही विचारत नाही. तरी तो उत्तर देतो. सकाळी पाव घेऊन आलेल्या पोदेराला, त्याची सायकल धरून ठेवून देतो. मांद्र्याहून येणाऱ्या मासळीवालीला, ती बांगडे मोजत असताना देतो. खेळांची इंग्रजी नावं आम्हांला झेपत नाहीत म्हणून त्याने आपली ठेवली आहेत. पहिला 'गुहा'. त्यात चित्र नाही, नुसती अक्षरं. आपण 'उत्तरेला जा' असं टंकायचं आणि समोरून कळतं की तुम्ही आता अमुक खोलीत आहात. दुसरा 'राजवाडा'. त्यात चित्रं आली, पण पहिल्या दालनातली एखादी क्षुल्लक वस्तू उचलायची राहिली, तर शेवटच्या दारापाशी अडकायचं. मागे फिरायला वाट नाही. आणि तिसरा 'चाचे'. त्यात माणूस मरत नाही, अडकतही नाही. कितीही चुका करा, वाट उरतेच.

"तिसरो सगळ्यांत व्हडलो," गुरुदासचा निकाल ठरलेला. "भाई, माणसाक अडकून घालूचा नाय, ह्या कोणाच्या तरी डोक्यात पयल्यांदा इला. ह्येका म्हणतत मैलाचो दगड!"

"बरं. मी आंघोळीला जाऊ?"

"जा. पण सेव्ह करून जा."

एकदा तर देवळात त्याने कहर केला. कोणाच्या तरी लग्नासाठी देवाला कौल लावला होता. मूर्तीला पाकळ्या चिकटवलेल्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळे श्वास रोखून बसलेले. कोणतीच पाकळी पडेना. गुरुदास मागून म्हणाला, "गुहेतसुद्धा असाच आसा. सवाल सोप्या शब्दांत घाला, म्हणजे तेका कळात." मुलीचा बाप असा काही वळला, की मीच ह्याला दंडाला धरून बाहेर काढला. बाहेर येऊन हा मला विचारतो, "माझा चुकला खंय?"

पूर्वी गुहा खेळताना त्याची बायको, सुमतीवहिनी, शेजारी बसायची. तो टंकायचा, ती नकाशा काढायची. रांगोळीचे ठिपके मांडावेत तशा खोल्या मांडायची आणि रेघांनी जोडायची. "आता पश्चिमेक जाऊ नकात, थंय मघाशी आपटलात," असं तिने त्याला दरडावलेलं मला कुंपणापलीकडून ऐकू यायचं. अलीकडे तिला विसरायला होतं, असं माझी बायको म्हणाली होती. वहिनी कुंपणाशी येईनाशी झाली. म्हातारपण, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

त्याच सुमारास गुरुदासने रस्त्यावरचं सगळं उचलायला सुरुवात केली. गंजलेली बिजागरी, आमटी ढवळायची मोडकी दवली, कोणाच्या तरी गणपतीच्या मखराची झालर. खिशात घालायचा आणि म्हणायचा, "उपेगाक पडतली." खेळात दिसेल ती वस्तू उचलायची असते, हे मला त्यानेच हजारदा ऐकवलं होतं. मी वैतागलो. बाजारात सांगत सुटलो, की गुरुदास आता भंगार गोळा करतो. मग माझ्या कुंपणालगतच्या अडगळीतून माझ्या जुन्या सायकलची घंटी गेली आणि मी 'भंगार' शब्द बदलून 'चोरी' केला. चारचौघांत, चहाच्या दुकानात. लोक हसले. नंतर ते त्याला पाहून खिसे चाचपू लागले. त्याला ते दिसत होतं.

शेवटी घंटी परत आणायला मी त्याच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आतला बोळ, दोन्ही बाजूंना सारखीच दारं, सारखाच निळा रंग. आणि प्रत्येक चौकटीला काहीतरी लटकत होतं. एकीला दवली, एकीला मखराची झालर, एकीला बिजागरी. टोकाच्या दाराला माझी घंटी.

मी तोंड उघडणार, एवढ्यात गुरुदासने माझा हात दाबला.

सुमतीवहिनी खोलीतून बाहेर आली होती. बोळात उभी राहून तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. स्वतःच्या घरात परकी बाई उभी असावी तशी. मग तिने दवली चाचपली आणि मान हलवली. झालर चाचपली, पुढे गेली. टोकाला पोचून घंटी दाबली. ट्रिंग. तिचा चेहरा उजळला. दार ढकलून ती न्हाणीघरात गेली.

"गुहेत एक जागा आसा, भाई," गुरुदास हळू आवाजात म्हणाला. "सगळ्यो खोल्यो सारक्यो. माणूस फिरत रवता. मग हातातली एकेक वस्तू एकेका खोलयेत टाकूची. वस्तू वळखली, की खोली वळखता. ह्या कोडा हिनाच सोडयल्लां त्या वेळार. माका जमूक नाय." त्याने चौकटीवरची झालर सरळ केली. "तिसरो व्हडलो म्हणत होतंय, ता चुकला. पयलोच व्हडलो."

मग त्याची नजर घंटीकडे गेली, तिथून माझ्याकडे.

"तू ती परत व्हरूक इलंस?"

"नाही," मी म्हणालो. "ती जरा अडकून वाजते. तेल घालायला आलो."

त्याने स्वयंपाकघरातून खोबरेल आणून दिलं. मी दोन थेंब सोडले आणि दाबून पाहिली. आता बरी वाजत होती.

हल्ली सकाळी, पोदेर येण्याच्या आधी, कुंपणापलीकडून ट्रिंग असा आवाज येतो. बायको कुशीवर वळून विचारते, "कोण आलं एवढ्या सकाळी?"

"कोणी नाही," मी म्हणतो. "वहिनी पोचल्या."