दोन तोंडांचे मारुतराव

"आबा, फोटो माझ्यावर सोडा! मिशीचा एकेक केस मोजून घ्या!"

निरंजननं छाती ठोकून सांगितलं, आणि आत पोळ्या लाटणाऱ्या त्याच्या बायकोनं, दिव्यानं, पिठाच्या हातानंच कपाळ बडवलं. कारण आबा म्हणजे मारुतराव, भोसरीचे जुने मातब्बर आणि या दोघांचे घरमालक!

निरंजन मूळचा परभणीचा, महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला. कंपनीनं भंगारात काढलेला, कागद ठेवून झाकण लावायचा स्कॅनर त्यानं घरी आणला होता. कुकरच्या खोक्याला आतून काळा रंग फासला, पुढे भिंग बसवलं, मागे स्कॅनर चिकटवला, त्याचा दिवा काळ्या चिकटपट्टीनं बुजवला आणि वायर लॅपटॉपला जोडली. झाला कॅमेरा! दिसायला कोंबड्यांच्या खुराड्यासारखा, पण फोटो असा दणदणीत की भिंतीएवढा केला तरी फाटायचा नाही. निदान निरंजनचं म्हणणं तसं होतं. आतापर्यंत त्यानं फक्त गॅसच्या सिलिंडरचा फोटो काढला होता. सिलिंडर बिचारा हलला नव्हता.

आता मारुतरावांची पंच्याहत्तरी आली होती. त्यांचा मुलगा रविराज चौकात मोठा फ्लेक्स लावणार होता. गेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटो इतका फाटला होता, की मिशीच्या जागी नुसत्या विटा रचल्यासारखं दिसत होतं. म्हणून हा सगळा खटाटोप!

अंगणात खुर्ची टाकली. मारुतराव फेटा बांधून बसले.

"आबा, आतली फोटो टिपणारी पट्टी या टोकापासून त्या टोकाला जायला मिनिटभर लागतं. तेवढा वेळ दगड व्हायचं."

"मिनिटभर? अरं, भजनाला बसलो की मी रातभर हालत न्हाई!"

घर्र्र… पट्टी निघाली. आबांच्या चेहऱ्यावरून सुखरूप पुढे सरकली. निरंजन मनात पेढे वाटू लागला. इतक्यात उजवीकडून दूधवाला गेला.

"राम राम, आबा!"

झालं! मारुतरावांनी जन्मात कुणाचा राम राम रिकामा सोडला नव्हता. ते खुर्चीतून उजवीकडे झुकले, दोन्ही हात जोडले, "राम राम! ये की, च्या घेऊन जा!" पट्टी नेमकी तिथंच पोचली होती.

लॅपटॉपवर फोटो उमटला आणि निरंजननं घाईघाईनं पडदा आपल्याकडे वळवला. एक मारुतराव समोर बघत होते. त्यांच्याच खांद्यातून दुसरे मारुतराव उगवून रस्त्याकडे बघत होते. हात चार! आणि दुसऱ्या मिशीला असा ताण बसला होता, की एक टोक भोसरीत आणि दुसरं मोशीत!

"कसा आला रं?"

"आबा… भरपूर आलाय. पण उद्या अजून एक काढू."

एवढं बोलून तो सेकंड शिफ्टला पळाला. संध्याकाळी रविराज आला.

"वहिनी, फोटो झाला का?"

"झाला म्हणे. लॅपटॉपवरच आहे बघा," दिव्या म्हणाली. तिनं तरी कुठे पाहिला होता!

रविराजच्या कानाला फोन. त्यानं न बघताच फोटो पेनड्राइव्हमध्ये घेतला आणि फ्लेक्सवाल्याकडे टाकला. फ्लेक्सवाला क्षणभर थबकला. पण नेतेमंडळींचे नाना हट्ट पुरवून त्याला कशाचंच नवल राहिलं नव्हतं. डिझाइन असेल, म्हणाला, आणि छापून मोकळा झाला.

सकाळी निरंजन दूध आणायला निघाला आणि चौकात त्याचे पायच जमिनीत रुतले. दुमजली मारुतराव! दोन तोंडं, चार हात, आणि खाली रविराजनं आधीच ठरवून दिलेला मजकूर, 'चौफेर नजर, अनेकांना आधार!'

गर्दी जत्रेसारखी. निरंजन उलट्या पावली घरी आला. दिव्यानं त्याचं तोंड बघितलं, सगळं ऐकलं आणि फळीवरचे डबे पोत्यात भरायला घेतले.

"अगं, थांब, आधी माफी तरी मागून येतो!"

"माग. तोवर मी ताटंही पोत्यात भरते!"

तो परत चौकात पोचला तेव्हा मारुतराव आणि त्यांची बायको शालनबाई फ्लेक्ससमोर उभे होते. आबांची मान वर, कानशिलं लाल.

"आबा, चुकलं माझं…"

आबा उत्तर देणार, तेवढ्यात शालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बया! ह्येंचं येक त्वांड संबाळता संबाळता माझा जलम गेला. आता ह्या दुसऱ्याला कोन घालायचं जेवाया?"

चौक फुटला! आबांनी रागाचा आव टिकवायचा प्रयत्न केला, पण मिशी थरथरली, मग पोट हललं, आणि ते असे हसले की फेटा सुटला. दिवसभर लोक फ्लेक्सपुढे सेल्फी काढत होते. आबा खुर्ची टाकून शेजारीच बसले आणि दोन्ही तोंडांच्या वाट्याचे राम राम एकट्यानं घेत राहिले. संध्याकाळी शालनबाईंनी दिव्याला पुरणपोळ्या पाठवल्या. डबे पुन्हा फळीवर चढले.

पुढच्या रविवारी पलीकडच्या आळीतले दादासाहेब नवा फेटा बांधून दारात हजर!

"माझा बी काढ."

या वेळी निरंजननं रस्त्याच्या दोन्ही तोंडांना माणसं उभी केली. चिटपाखरू फिरकू दिलं नाही. दादासाहेब पुतळ्यासारखे बसले. आणि काय तो फोटो! मिशीचा केस न् केस वेगळा, डोळ्यांत समोरचं अख्खं अंगण! निरंजननं लॅपटॉप ऐटीत त्यांच्यापुढे सरकवला.

दादासाहेबांनी बराच वेळ लॅपटॉपकडे निरखून बघितलं. मग हिरमुसल्या तोंडानं म्हणाले,

"ह्यो तर मीच हाय. असला तर माझी नात मोबाइलवर काढती!"