बाबलमामांची रांग

आमच्या गडमुडशिंगीत सरपंचांची गाडी आली की लोक बाजूला होतात. पण पिठाच्या गिरणीत सरपंचांचा डबा आला की बाबलमामा तो उचलून रांगेच्या शेपटाला ठेवतात. एकदा त्यांच्या घरून निरोप आला, पाहुणे आलेत, पीठ लगेच पाहिजे. मामा म्हणाले, "पावण्यांस्नी भात घाला म्हणावं. नंबर डब्याला असतोय, माणसाला न्हाय."

मामा मूळचे मालवणाकडचे. गिरणीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला म्हणून आठवड्यासाठी आले आणि राहिलेच. जुन्या मालकानं म्हातारपणी गिरणी त्यांच्या हवाली केली. याला आता चाळीसेक वर्षं झाली असतील, तरी गाव त्यांना अजून 'पावणं' म्हणतं. एरवी ते आमच्यासारखंच बोलतात, पण राग आला की मालवणी सुटते. त्यामुळे आज गिरणीत काय चाललंय ते चौकातूनच कळतं.

गरम पीठ डब्यात भरून कुणी लगेच झाकण लावलं की ते ओरडतात, "घुसमटतंय की ते! श्वास घेऊ दे त्याला." सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून बाजारात आले, तर माणसं त्यांना ओळखत नाहीत. पिठाखाली माणूस चांगला सावळा आहे. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "आमचा नंबर आला न्हाय."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी गिरणीत गर्दी होती. पुढचा डबा संगीताताईंचा. त्या बुद्धविहारामागं राहतात, अंगणवाडीत काम करतात. त्यांच्या मागं किराणा दुकानवाल्या काकींचा डबा. काकी आवाज बारीक करून म्हणाल्या, "पावणं, सणाचं दळण हाय. आमचं आधी घाला की. त्यांचं पीठ दगडात राहतंय, मग आमच्यात येतंय."

सगळ्यांना समजायचं ते समजलं. बोलल्या त्या संगीताताईच. "काकी, माझं बी गहूच हायत. तुमच्याच दुकानातनं नेल्यात."

रांग हसली. मामा हसले नाहीत. "इतकी वर्सां ह्या दगडान तुमचा नि तिचा पीठ एकत्र केल्यान," ते म्हणाले, "तुमका कधी अजीर्ण झाला? जेचो नंबर, तेचा दळाण." आणि संगीताताईंचा डबा ओतून मोकळे झाले.

काकी डबा घेऊन तशाच निघून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या दुकानात तयार पिठाच्या पिशव्या लटकल्या. त्यांच्या बाजूची घरं एकेक करून गिरणीत येईनाशी झाली, गल्लीत घरघंट्या आल्या. संगीताताई आणि त्यांच्याकडची माणसं येत राहिली, पण गिरणीचं पोट त्यावर भरेना. मी एकदा भीत भीत म्हटलं, "मामा, काकींशी एकदा गोड बोलून बघा." ते म्हणाले, "दगड झिजला न्हाय अजून. बघू कोण आधी दमतंय."

आता माझं सांगतो. आमच्या घरी घरघंटी आली ती त्याच सुमारास. बायकोचे गुडघे आणि माझी शहरातली नोकरी ही कारणं खरी आहेत, शपथेवर खरी. पण गावाला कारणं दिसत नाहीत, घरघंटी दिसते. म्हणून मी टेम्पोवाल्याला मागच्या दारानं यायला सांगितलं. आणि तेव्हापासून दर रविवारी दोन किलो जोंधळे घेऊन गिरणीत जातो, डबा चौकातून दिसेल असा धरून. बायको म्हणते, "अहो, घरात पीठ ठेवायला जागा नाही. मुंग्यासुद्धा कंटाळल्यात."

मागच्या रविवारी गेलो तर मामा पट्टा बसवत होते आणि रांग पार दाराबाहेर पायरीपर्यंत आली होती. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. परतली म्हणायची माणसं. माझा डबा शेवटी ठेवताना पुढच्याला पाय लागला. तो कलंडला आणि खणखणत पायरीवरून खाली गेला.

रिकामा होता. मी त्याच्या पुढचा हलवून पाहिला. तोही रिकामा.

"मामा, हे डबे कुणाचे?"

"माझेच." त्यांनी पट्ट्यावरून नजर काढली नाही. "सकाळी मांडतो, सांजच्याला उचलतो. जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसू दे की रांग."

मला राहवलं नाही. "मामा, आमच्या घरी घरघंटी आहे."

"ठावं हाय. टेम्पोवाल्यानं घर हितंच इचारलं. मागलं दार मीच दाखवलं त्याला."

कान तापले माझे. "मग वर्षभर काही बोलला नाहीत?"

मामांनी पट्टा सोडला. चेहऱ्यावर राग नव्हता, तरी मालवणी आली. "तू येत होतंस मां," ते म्हणाले. "मगे काय बोलाचा?"

पुढं खरं कुणीच नव्हतं, म्हणून मी डबा उचलला आणि सरळ दगडाकडं निघालो. मामांनी हात आडवा घातला.

"नंबर."

आणि त्यांनी गिरणी सुरू केली. पहिला रिकामा डबा उचलला, गिरणीच्या तोंडाशी नेऊन उलटा केला, बुडावर थाप मारली, बाजूला ठेवला. मग दुसरा उचलला. मी माझा डबा पुन्हा शेवटी ठेवला आणि पायरीवर बसलो, रस्त्यावरून दिसेन असा.