पट्टा सोडून बोला

भाऊ मयेकर दुसऱ्यांच्या गाड्यांचे रोग पडवीत बसून सांगायचे. रस्त्यावरून जीप गेली की वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणायचे, "हिचं बेअरिंग गेलं." डॉक्टरांची गाडी गेली की, "पट्टा सैल. लवकरच तुटेल बघा." आणि तो तुटायचा. जन्मभर बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस तो. कान असे तयार की शेजारच्या घरातल्या मिक्सरलाही त्यांनी एकदा तेल सुचवलं होतं.

पण त्यांची स्वतःची गाडी मात्र सगळ्या आळीच्या दुपारच्या झोपेवर उठायची. रत्नागिरीत राजिवड्याच्या वरच्या अंगाला आमची आळी. खालच्या वळणावरून गाडी चढणीला लागली की इंजिनातून असा आवाज निघायचा, की कोरड्या रहाटाला कुणीतरी चिमटा काढला असं वाटावं. मांजरं पळायची. माझी चहाची कपबशी तर मी आवाजाआधीच घट्ट धरायला शिकलो होतो.

हा आवाज कशाचा हे सांगायला बोटीवर जायला नको. इंजिनाच्या तोंडाशी एक रबरी पट्टा असतो. पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारा डायनामो हे सगळं त्याच्यावर फिरतं. तो सैल झाला की घसरतो, घसरला की किंचाळतो. ही अक्कल मला, म्हणजे शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसालाही होती. पण "भाऊ, तुमचा तो पट्टा..." एवढं तोंडातून निघायचा अवकाश, भाऊ ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर करायचे.

"पट्टा सोडून बोला!"

मग पट्टा सोडून काय, तर काहीही. कधी खारा वारा लागलेला असायचा. कधी पेट्रोलमध्ये पाणी. एकदा पाल आत गेली होती आणि ती "बाळंत झालीय, आता काय बोलू नका," असं त्यांनी मला दबक्या आवाजात सांगितलं. हेदवीच्या गणपतीला आम्हाला घेऊन गेले तेव्हा गाडी वाटभर किंचाळत होती. त्या दिवशी निदान झालं की गाडीला वळणं बाधतात. "माणसाला नाय होत का वळणांनी? हिला पण होतं. फक्त ही ओकत नाय, ओरडते."

हॉर्न चांगला होता, पण भाऊ तो वाजवत नसत. "हॉर्न काय, कुणाचाही असतो," असं म्हणायचे. या वाक्याचा अर्थ विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही. भाऊंच्या घरी अर्थ लागू नये अशा बऱ्याच गोष्टी होत्या. पडवीच्या खांबापासून फाटकापर्यंत सुंभाची एक दोरी ताणून बांधलेली होती, पण तिच्यावर कधी साधा पंचासुद्धा वाळत पडलेला दिसला नाही.

आणि फाटक उघडायच्या त्या काकी, म्हणजे भाऊंची बायको. काकींची नजर साखरेच्या आजारात गेली होती. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा, बाकी सगळं घर त्या हातांनी बघायच्या. डबे कुठे, देवाची समई कुठे, पायरी कुठे संपते, सगळं बोटांना पाठ. गाडी चढण चढून येईपर्यंत काकी फाटकाशी हजर असायच्या. फाटक उघडून बाजूला उभ्या राहायच्या आणि गाडी आत गेली की लावून घ्यायच्या. माझी बायको चिडायची. "धडधाकट माणूस गाडीत बसून राहतो आणि हिला उठवतो. या भाऊंना काही वाटत नाही का?"

भाऊंना वाटायचं ते एकाच गोष्टीचं, मुलाचं. प्रसाद मुंबईला चांगल्या नोकरीत होता आणि आईवडिलांच्या काळजीने त्याचा स्वभाव हेडमास्तरासारखा झाला होता. कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून तो वरचेवर यायचा आणि येईल तेव्हा गाडीकडे संशयाने बघायचा. गणपतीत येऊन त्याने निर्वाणीचं सांगितलं होतं, "बाबा, आईला अधूनमधून डॉक्टरकडे न्यावं लागतं. ही गाडी आता एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर ती भंगारात आणि तुम्ही दोघं माझ्याकडे मुंबईला."

मुंबईला म्हणजे सातव्या मजल्यावर. तिथे काकींच्या बोटांना काहीच पाठ नव्हतं. एकदा महिनाभर राहून आल्या तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "चांगलं आहे हो घर. पण मी आपली पलंगावर बसलेली असायची." त्यामुळे गाडी चालू राहणं म्हणजे घर राहणं, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मला कळत नव्हतं. एवढं सगळं ज्या पट्ट्यावर टांगलेलं, तो हा माणूस बदलून का टाकत नाही?

शिमग्याआधी प्रसाद आला. त्याला आणायला स्टेशनवर जाताना भाऊंनी मला सोबत घेतलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही पुढं बसा. तो काय बोलला तर तुम्ही इतिहासातलं काहीतरी काढा."

येताना गाडी किंचाळत होती. मागच्या सीटवरून प्रसाद म्हणाला, "बाबा, हा पट्टा..."

"पट्टा सोडून बोल."

मी पुरंदरचा तह काढला. तहातले निम्मे किल्ले देऊन होतात तोच भाऊंच्या समोरच्या काट्यांशेजारी बॅटरीचा लाल दिवा लागला. किंचाळणं एकदम बंद. इतकी शांतता झाली की गाडीत काहीतरी दगावलं हे आम्हा सगळ्यांना कळलं. थोड्या वेळाने उष्णतेचा काटा वर चढला, मग बॉनेटच्या फटींतून वाफ आली आणि साळवी स्टॉपच्या अलीकडे भाऊंनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" प्रसादने विचारलं. त्याच्या आवाजात सातवा मजला होता.

"काय नाय. तहान लागलीय तिला."

रत्नागिरीत गाडी बंद पडली की माणसं जमवावी लागत नाहीत. आंबेवाले, रिक्षावाले, कोर्टातून सुटलेले दोन पक्षकार, सगळे बॉनेटभोवती उभे राहिले आणि बॉनेट न उघडताच चर्चा सुरू झाली. एक म्हणाला पंप. एक म्हणाला रेडिएटर फुटला. जो माणूस गाडीखाली वाकून "अवो, पट्टाच नाय आत!" असं ओरडत होता, त्याला भाऊंनी, "तुम्ही कोण? तुमचं शिक्षण काय?" असं विचारून मागे सारलं. पक्षकारांपैकी वादी पट्ट्याच्या बाजूने होता, म्हणून प्रतिवादीने पंपाची बाजू घेतली.

तेवढ्यात देवळाकडून एक गुरव सायकलवरून आले. कुणीतरी चेष्टेत म्हणालं, "गुरवकाका, तुम्हीच लावा आता कौल." गुरवकाकांना चेष्टा समजत नसे. त्यांनी सायकल लावली, चपला काढल्या, पिशवीतून जास्वंदीच्या दोन पाकळ्या काढून पाण्यात बुडवल्या आणि बॉनेटवर उजवी-डावीकडे चिकटवल्या. "उजवी पडली तर पट्टा, डावी पडली तर पट्टा नाय. हां, बोला, होय महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे म्हणाले. सवयीने प्रसादही म्हणाला.

बॉनेट तव्यासारखं तापलेलं. एक पाकळी सुकून सुटली आणि घरंगळत खाली आली.

"उजवी! पट्टा!" वादी ओरडला.

"थांबा," भाऊ म्हणाले. "उजवी कुणाची? देवळात देवाचा उजवा हात धरतात, बघणाऱ्याचा नाय. गाडीचं तोंड तुमच्याकडे आहे. गाडीची ही डावी."

गुरवकाका विचारात पडले. गाडीला देव धरायचं की नाही, यावरून जे सुरू झालं ते चांगलंच लांबलं. प्रसाद कपाळाला हात लावून फोनच्या बूथकडे गेला आणि त्याने मुश्ताक मेकॅनिकला बोलावलं.

मुश्ताकच्या आधी पोचली ती एक कोळीण. डोक्यावर रिकामी पाटी आणि हातात काळी, लोंबती, फाटकी रबरी पट्टी. "ह्यो मागं रस्त्यावर पडलेला. तुमचाच काय?"

सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊंनी पट्ट्याकडे पाहिलं, लग्नात दारू पिऊन आलेल्या चुलतभावाकडे बघावं तसं.

"माझा नाय," ते म्हणाले.

मुश्ताक आला, आत बघून हसला आणि गाडीतला पाना घ्यायला त्याने पुढची सीट उचलली. सीटखाली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले नवेकोरे पट्टे होते. एक नाही, चांगली चळत होती. याच गाडीचे, याच मापाचे.

"भाऊ, मेहेरबानी करून सांगा," मुश्ताक म्हणाला, "एवढे पट्टे जवळ ठेवून माणूस जुन्यावर फिरतो कशाला?"

"असू देत. लागतात," भाऊ पुटपुटले. त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्यापासून होतं. मग ती पाल आणि तो खारा वारा कुणासाठी, हे मला तेव्हाही कळेना.

मुश्ताकने नवा पट्टा चढवला, ताणला, पाणी भरलं. गाडी सुरू झाली ती अशी की सुरू झाल्याचं कळू नये. प्रसाद खूश झाला. "बघा! एवढंच तर होतं! अजून दहा वर्षं चालेल. राहू दे आता, काही विकायला नको." घर वाचलं होतं. मी भाऊंकडे बघून हसलो, पण भाऊ काही हसले नाहीत. चढण जवळ आली तसा त्यांनी वेग कमी केला. अगदी पाय ओढत चालवल्यासारखी गाडी चालवली.

फाटक बंद होतं. काकी पडवीत बसल्या होत्या, मान वळणाच्या बाजूला कलती करून. एक हात दोरीवर. आम्ही त्यांच्यासमोर, हाकेच्या अंतरावर गाडीत बसलो होतो आणि त्या अजून आमची वाट ऐकत होत्या.

"हॉर्न द्या ना," प्रसाद म्हणाला.

भाऊंनी हॉर्न दिला नाही. खाली उतरून त्यांनी स्वतः फाटक उघडलं. कडी वाजली तशा काकी दचकल्या आणि परक्याशी बोलायच्या आवाजात म्हणाल्या, "कोण? कोण आहे?"

"मी गो. मीच."

"तुम्ही? चालत आलात? गाडी कुठं पडली?" त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. "प्रसाद कुठाय? मी दुपारपासून कान लावून बसलेय. चहासुद्धा टाकला नाय."

"आई, गाडी नीट झाली!" प्रसाद आनंदाने म्हणाला. "आता आवाजच नाही तिला!"

"हो का? बरं झालं हो," काकी म्हणाल्या. मग हसून म्हणाल्या, "मागं हे हॉर्न वाजवायचे, तेव्हा मी रिक्षावाल्याला फाटक उघडून दिलं होतं. गॅसवाल्याला पण. मग आवाजावरून बरं पडायला लागलं. तेवढं एक काम होतं मला." आणि दोरी धरून आत वळल्या.

रात्री मी हे घरी सांगितलं, तेव्हा माझ्या बायकोने भाऊंना आजवर मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या. भाऊ त्या माउलीला उठवत नव्हते. रोज कुणीतरी आपल्याला दार उघडून आत घेतंय, एवढं सुख ते घेत होते. आणि तिला ते देता येतंय, हे तिला रोज कळत होतं. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. माझ्या स्कूटरच्या आवाजाला घरात कुणी उठत नाही, फार तर टीव्हीचा आवाज वाढवतात.

प्रसाद समाधानाने मुंबईला गेला. भाऊंनी बाहेर जाणंच सोडलं. गेलेच, तर काकी ते येईपर्यंत फाटकाला धरून उन्हात उभ्या राहायच्या. कधी येणार ते कळायला मार्ग नव्हता ना.

शिमगा झाल्यावर स्कूटरचं पंक्चर काढायला मी मुश्ताककडे गेलो, तर भाऊंची गाडी बॉनेट उघडून उभी. मुश्ताक आत वाकलेला आणि भाऊ त्याच्या डोक्यावर.

"सैल कर."

"भाऊ, केला ना सैल."

"अजून थोडा. हां. सुरू कर."

गाडी सुरू झाली. जेमतेम कुईं झालं. भाऊंनी मान हलवली. "हा डॉक्टरच्या गाडीसारखा येतोय. आपला नाय. अजून सोड."

"भाऊ, बोंबलेल ती! तुटेल परत!"

"तुटू दे. सीटखाली आहेत."

मुश्ताकने माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. मी दुसरीकडे बघितलं. तो सोडत गेला, भाऊ डोळे मिटून ऐकत गेले, आणि मग एकदम तो आला. कोरडा रहाट, चिमटा, सगळं जसंच्या तसं. पलीकडच्या टपरीवरचा कुत्रा उठून गेला. भाऊंनी डोळे उघडले आणि मुश्ताकच्या काळ्या हाताला धरून तो जोरजोराने हलवला.

संध्याकाळी मी अंगणात होतो. वळणावरून तो आवाज आला. कपबशी धरायची मला आठवण राहिली नाही, चहा सगळा लेंग्यावर. पलीकडे काकी उठल्या होत्या. आधी आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं असावं, कारण भांड्याचा आवाज आला. मग पदर सारखा करत, दोरीवरून हात सरकवत त्या निघाल्या. गाडी चढण चढून आली तेव्हा फाटक सताड उघडं होतं.

रविवारी प्रसादचा माझ्याकडे फोन आला. "काका, तुम्ही खरं ते सांगा. गाडी कशी आहे? आईशी बोलताना मागे कसलातरी आवाज येत होता."

"हो, येतो अधूनमधून," मी म्हटलं. "खारा वारा लागलाय."

"पट्टा तर नाही ना?"

"छे," मी म्हटलं. "पट्टा सोडून बोल."