अपघाताविना एक्केचाळीस दिवस

कारखान्यात एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो मी. माझ्या अमदानीत कुणाचं नखसुद्धा मोडलं नाही! त्यामुळे बायको मणक्याचं ऑपरेशन करून घरी आली, तेव्हा मी मुलीला फोनवर ठणकावून सांगितलं, "तू अजिबात येऊ नकोस. हा माझा प्रांत आहे."

बायको ग्रंथपाल. खालच्या फळीवरचा जाडजूड शब्दकोश उचलायला वाकली आणि मणका मोडला. हाडं ठिसूळ झाली होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. डॉक्टरांनी चार स्क्रू बसवले. मी स्क्रूचं माप विचारलं, तर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "कमरेला पट्टा बांधायचा. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पडायचं तर मुळीच नाही. रोज चालायचं. सहा आठवड्यांनी आधाराशिवाय चालून दाखवलं, की कामावर सोडतो."

यातलं 'पडायचं नाही' तेवढं माझ्या डोक्यात बसलं.

बायकोला कामावर जायची भलती घाई. तिच्या जागी आलेली बदली बाई म्हणे पुस्तकं रंगांप्रमाणे लावत होती.

मी घराचा ताबा घेतला. तिला वाकावं लागू नये म्हणून सगळं कमरेच्या उंचीवर आणलं. चपला टेबलावर, बादली स्टुलावर, केराची टोपली खुर्चीत. दारावर आणि पॅसेजच्या फरशीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्या चिकटवल्या. पलंगावरून उठायची कवायत शिट्टी वाजवून घ्यायचो : आधी कुशीवर, गुडघे एकत्र, मग हात टेकून. आणि निवृत्तीच्या दिवशी कारखान्यातून मागून आणलेला फळा भिंतीवर ठोकला : 'अपघाताविना दिवस'. आकडा रोज सकाळी मी स्वतः बदलत असे.

शेजारच्या काकू गावाहून परतल्या आणि दारावरची पट्टी बघून हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कधी झालं हो?"

"महिना होईल आता."

काकूंनी डोळ्यांना रुमाल लावला. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "अहो, कोण आलंय?" काकू चार पायऱ्या एकदम उतरल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी व्यायामाच्या बाई तपासायला आल्या.

"रोज किती चालतात?"

"बाथरूमपर्यंत. तेही मी धरून!" मी फळ्याकडे बोट दाखवलं.

"काका, बसवून ठेवलं की हाडं मजबूत होत नाहीत. उलट पाय लटपटायला लागतात. दोनच आठवडे उरलेत."

"मी महिनाभर काय सांगत होते?" बायको म्हणाली.

माझ्या हुशारीपायी तिचं कामावर जाणं हुकलं असतं.

त्या दिवसापासून पॅसेजमध्ये चालणं सुरू. तिचे हात माझ्या हातात, शिट्टी माझ्या तोंडात आणि मी उलटा चालतोय. एक्केचाळिसाव्या दिवशी, तपासणीच्या आदल्या दुपारी, माझीच सुटलेली पट्टी माझ्याच टाचेत अडकली. नशीब, तिचे हात सुटले. मी धाडकन आडवा आणि स्टुलावरची रिकामी बादली माझ्या पोटावर!

बायको कमरेच्या पट्ट्यात ताठ उभी.

"अगं, हात दे."

"मला वाकायचं नाहीये. कुशीवर वळा. गुडघे एकत्र."

"आई गं!"

"शिट्टी वाजवू का?"

मला काही उठवेना. मग ती वळली आणि काकूंना बोलवायला दाराकडे निघाली. मी पडल्या पडल्या मोजत होतो. एकोणीस पावलं! भिंतीला हात नाही, माझा आधार नाही. मला इतका आनंद झाला की कण्हायचं विसरलो.

दारातून काकू घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "आता खरंच झालं का हो?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. बायकोला कामावर जायची परवानगी मिळाली. माझं काही मोडलं नव्हतं, पण हाडं तिच्याहून ठिसूळ निघाली. पट्टा मला लागला.

सोमवारी कामावर निघताना ती फळ्यापाशी थांबली. एक्केचाळीस पुसले आणि ठसठशीत शून्य काढलं. फळाही मी कमरेच्या उंचीवरच ठोकला होता. तिला वाकावंसुद्धा लागलं नाही.