जावयाचा फोन आणि चारशे भाकऱ्या

माझ्या आयुष्यातले बहुतेक निर्णय मी दुपारच्या जेवणानंतर घेतलेले आहेत. बाहेर सोलापूरचं ऊन, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, पोटात शेंगाचटणी. अशा वेळी माणूस खुर्चीत बसलेला दिसतो, पण असतो भलतीकडेच. (ऑफिसात याला फाइलचा अभ्यास म्हणतात.) बारा भाकऱ्या गुपचूप विकत घ्यायचा निर्णय अशाच एका दुपारी झाला.

त्याचं असं झालं, की आमच्या श्रीदेवीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कडक भाकरीचा धंदा काढला. मैंदर्गीला तिची मावशी काशम्मा आणि आणखी तिघी बायका भाकऱ्या करणार, सोमवारी सकाळच्या एसटीनं खोकी येणार, आणि माझ्या ऑफिसचा कँटीनवाला गुरु त्या विकणार. पहिली खेप पन्नासची. ‘चालल्या तरच दर आठवड्याला घेईन,’ असं गुरुनं आधीच बजावलं होतं. मावशीच्या शेजारच्या ईरम्मानं तर या भरवशावर शेंगा फोडायचं काम सोडून दिलं.

“नाही खपल्या तर मी त्या बायकांना काय तोंड दाखवू?” श्रीदेवी त्या सोमवारी सकाळी म्हणाली. ते तोंड मला दिवसभर दिसत राहिलं.

जेवून उठलो तर कँटीनच्या काचेमागे बारा भाकऱ्या उरलेल्या. मला राहवेना. मी आमचा शिपाई मायाप्पा याला बोलावलं आणि दोन-दोन करत सहा फेऱ्यांत सगळ्या आणवल्या. माझ्या कपाटात ‘जुना पत्रव्यवहार’ नावाचा एक कप्पा आहे, तिथं कुणीही कधीही हात घालत नाही. भाकऱ्या तिथं ठेवल्या.

संध्याकाळी गुरु स्वतः टेबलापाशी आला. “संपल्या की साहेब. लई उठाव हाय. पुढच्या सोमवारी साठ पाठवा.”

घरी जाताना स्कूटरवर मला साठ हा आकडा फार एकटा वाटू लागला. डोळ्यांपुढे दुकानाची पाटी आली, पाटीखाली टेम्पो आला, टेम्पोला हार घालणारा मी आलो. (तेवढ्यात एक म्हैस आली, म्हणून थांबलो.) घरी पोचेपर्यंत साठाचे सत्तर झाले होते, आणि श्रीदेवीला मी सत्तरच सांगितले.

एसटीत दहा तरी मोडतात, म्हणून श्रीदेवीनं मावशीला ऐंशी सांगितल्या. मावशीनं त्या चौघींत वीस-वीस वाटल्या. आता आमच्याकडे कुणी मोजून काही देत नाही. ऐन वेळी कमी पडणं म्हणजे सात पिढ्यांची नाचक्की. प्रत्येकीनं आपल्या मनानं वर पाच धरल्या. झाल्या शंभर. यात चुकलं कुणाचंच नाही, फक्त कुणी कुणाला काही सांगितलं नाही.

इथवरही निभावलं असतं. पण मी आता स्वतःला मॅनेजर समजू लागलो होतो. मंगळवारी जेवणानंतर मी थेट मैंदर्गीला फोन लावला.

“मावशी, सत्तर भाकऱ्यांचं लक्षात आहे ना?”

“व्हय जावईबापू. आयतु, आयतु.”

आयतु म्हणजे कानडीत झालं, ठरलं. तो शब्द ऐकून मला इतकं शांत वाटलं, की बुधवारी पुन्हा फोन केला. गुरुवारीही केला. तिन्ही वेळा आयतु. एवढी आज्ञाधारक यंत्रणा मी सरकारी नोकरीत पाहिली नव्हती.

सोमवारी स्टँडवर कंडक्टरनं तीन खोकी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “मागच्या शिटावर अजून पाच हायेत.”

आठ खोक्यांत चारशे भाकऱ्या निघाल्या. श्रीदेवीनं मावशीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“मावशी, मी ऐंशी सांगितल्या होत्या की गं.”

“त्या केल्याच. मग जावईबापूंचा तीनदा फोन आला. सत्तर, परत सत्तर, परत सत्तर. रोज नवीन आर्डर. मोडायच्या दहा आन् चौघींच्या वरच्या वीस धरून दर आर्डरीला शंभर. गल्लीतल्या समद्या चुली पेटवल्या बघ.”

“अगं, ते नुसती आठवण करत होते.”

“आता जावयाला उलट कसं इचारायचं, ही आदीचीच का नवी म्हणून? बरं दिसतंय व्हय?”

श्रीदेवीनं माझ्याकडे पाहिलं. मी खोक्यांकडे पाहिलं.

गुरुनं साठ ठेवून घेतल्या. नेमका मायाप्पा भाचीच्या लग्नाला केम गावी गेलेला. संध्याकाळी अडतीस खपल्या आणि बावीस परत आल्या. “उठाव बसला साहेब,” गुरु म्हणाला, “आता म्हैनाभर काई पाठवू नका.”

कडक भाकरी महिनोन्महिने टिकते, हा तिचा मोठा गुण. घरात तीनशे बासष्ट असल्या की तोच गुण अंगावर येतो. दिवाणावर खोकी, खाली खोकी, मधल्या फटीत मी. तिथं डुलकी लागली आणि स्वप्नात सिद्धेश्वर तलावावरून भाकऱ्या तरंगत आल्या, पांढऱ्या, हलक्या, एकामागून एक. प्रत्येक भाकरी मला हळूच सांगत होती, मी वरची आहे, मला मोजू नका. फार छान वाटत होतं. जागा झालो तेव्हा श्रीदेवी हातात फोन धरून बसली होती.

“ईरम्माला काय सांगू? काम सोडलं तिनं माझ्या शब्दावर.”

दोन दिवस तिनं तो फोन लावला नाही. मला स्वतःची खरोखर लाज वाटली. सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडत होतो आणि जांभई देऊन मिटत होतो.

बुधवारी संध्याकाळी मायाप्पा लग्नाचे लाडू घेऊन घरी आला. बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, “साहेब, त्या बारा भाकऱ्या कपाटात तशाच हायेत. उंदरं लागायच्या आदी काढा.”

“कुठल्या बारा?” श्रीदेवीनं विचारलं.

मायाप्पानं सहाही फेऱ्या तपशीलवार सांगितल्या. मी लाडू खात राहिलो. (दोन खाल्ले. चव आठवत नाही.)

श्रीदेवीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, “म्हणजे पहिल्या सोमवारी माणसांनी खरंच घेतल्या त्या अडतीस?”

“हो.”

“आणि या सोमवारीही अडतीसच?”

“हो.”

“मग उठाव बसला कुठं? तो होता तिथंच आहे की.” तिचा चेहरा उजळला. “अडतीस माणसं माझी भाकरी खातात.”

मला हे कळायला आणखी थोडा वेळ लागला, पण तिनं तेवढ्यात गुरुला फोन करून चाळीस ठरवूनही टाकल्या. मग मैंदर्गीला फोन. “मावशी, दर सोमवारी चाळीस, ताज्या. मोडायच्या दोन मी त्यात धरल्यात, वर कुणी एकही टाकायची नाही. ईरम्माला सांग, काम चालू आहे. आणि जावयाचा फोन आला तर उचलायचा, बोलायचं, चहाचं विचारायचं. पण त्यावर भाकरी थापायची नाही.”

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात तिचा भाऊ बसवेश आहे. तो दोनशे घेऊन गेला. उरल्या एकशे बासष्ट, आणि माझ्या कपाटातल्या बारा.

“ऑर्डर ज्याची, त्यानं उचलायची,” श्रीदेवी म्हणाली. तेव्हापासून माझ्या डब्यात रोज दोन कडक भाकऱ्या असतात. सत्याऐंशी दिवसांचा हिशोब तिनं कॅलेंडरवर मांडून ठेवलाय.

परवा जेवणानंतर पुन्हा पंखा कुरकुरत होता, पुन्हा ती पाटी आणि तो टेम्पो दिसू लागला. मी मैंदर्गीला फोन लावला.

“मावशी, या सोमवारी पन्नास करा.”

“व्हय जावईबापू. आयतु, आयतु,” मावशी म्हणाली. “चहा झाला का?”

सोमवारी एसटीनं चाळीस आल्या. मी डबा उघडला. अजून एकसष्ट दिवस आहेत.