सासऱ्यांबरोबर सायकलवर

त्या रविवारी मी ‘हो’ म्हणालो, तो अर्धवट झोपेत. बायकोने पांघरूण ओढून विचारलं होतं, “बाबांना सायकलवरून जरा फिरवून आणता का?” आणि मला ऐकू आलं होतं, “चहा आणू का?” (चहाला मी बेशुद्धीतही हो म्हणेन.)

सासूबाईंना जाऊन सहा आठवडे झाले होते. तेव्हापासून सासरे आमच्याकडेच होते. म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत होते. पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढलेला माणूस. एरवी बोलायला लागले की जमिनीखालच्या पाइपांवर तासभर बोलत. आता विचारलं तर ‘हो’, नाही विचारलं तर काहीच नाही. बायको त्यांच्यासमोर हसरा चेहरा ठेवायची आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

मी विमा कंपनीच्या दावे विभागात कारकून आहे. लोकांवर कोसळलेलं संकट खरं की खोटं, ते मी तीन प्रतींत तपासतो. घरातल्या दुःखाला मात्र फॉर्म नव्हता. त्यामुळे सहा आठवडे मी नुसता वावरत होतो, जिथे उभा राहीन तिथे अडचण होईल असा.

“अगं, पण ते येणारच नाहीत,” मी म्हणालो.

“तयार होऊन बसलेत. मी सांगितलंय, डॉक्टरांनी तुम्हाला व्यायाम सांगितलाय आणि तुम्हाला एकट्याने जायची भीती वाटते.”

“भीती? मला?”

“अहो, तुमच्यासाठी म्हणून का होईना, उठले ते.” मी मुकाट्याने पँट शोधायला लागलो.

सासऱ्यांची जुनी काळी सायकल त्यांच्या सामानाबरोबर आली होती. माझ्यासाठी बायकोने शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची शर्यतीची सायकल मागून आणली. तिची सीट बघून मला वाटलं, वरचा भाग लावायचा राहिलाय. (राहिला नव्हता.)

निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. पहिल्या चौकात वारा सुटला, दुसऱ्या चौकात आभाळ भरून आलं, तिसऱ्या चौकात पुन्हा ऊन. आमच्या साहेबांसारखीच हवा. सही करते आणि लगेच खोडते. सासरे पाठ ताठ ठेवून संथ पायडल मारत पुढे चालले होते आणि मी त्यांना गाठायचा प्रयत्न करत होतो. वाटेत दोन आजीबाई मला चालत ओलांडून गेल्या.

बाजारपेठेत पोचलो आणि गारा पडायला लागल्या. आम्ही एका बंद दुकानाच्या छपराखाली शिरलो. गारा रस्त्यावर ताडताड उड्या मारत होत्या. मग अचानक सासरे म्हणाले, “याच्याखाली पाण्याची बारा इंची लाइन आहे. बिडाची.”

मला तर आनंदाने मिठीच मारावीशी वाटली. सहा आठवड्यांत न विचारता बोललेलं पहिलं वाक्य!

“कुठे जाते हो ती?” मी विचारलं.

“पुढे डावीकडे वळते.”

“मग आपणही वळू या की!” मी म्हणालो. (हे डोकं माझं, हे नोंदवून ठेवतो. बायकोनेही ठेवलं आहे.)

पाऊस थांबल्यावर आम्ही डावीकडे वळलो. मग उजवीकडे. मग एका लांब चढावर. सासरे आता मागेही बघत नव्हते. एका मोठ्या फाटकातून ते आत शिरले, ठरावीक खांबाला सायकल टेकवली, कुलूप लावलं, आणि हँडलवरून पिशवी काढायला हात घातला. हँडलला पिशवी नव्हती. हात तसाच राहिला.

“जावईबापू,” ते हळूच म्हणाले, “मी इथे कसा आलो?”

ते हॉस्पिटल होतं. चाळीस दिवस ते रोज याच रस्त्याने सासूबाईंचा डबा घेऊन आले होते.

मी घाईघाईने उतरायला गेलो. सायकल उतरली, पाय वरच राहिला. ओल्या फरशीवरून मी घसरत थेट दरवाज्याशी गेलो. वॉचमन व्हीलचेअर घेऊन धावलाच.

“अहो, मी नाही! ते... त्यांना...” माझा श्वास पुरेना.

“हो हो, सगळे असंच म्हणतात. बसा.”

“मी यांचा जावई आहे!”

“त्यावरही औषध मिळेल. बसा आधी.”

त्यानेच केसपेपर भरून माझ्या खिशात कोंबला आणि पाचव्या मिनिटाला मी तपासणीच्या खोलीत होतो. गुडघ्याला पट्टी, दंडाला प्रेशरचा पट्टा, तोंडात थर्मामीटर. सासरे शेजारच्या स्टुलावर बसले होते. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या, सासूबाईंच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर काही कागद द्यायला आल्या आणि थबकल्या.

“काका? तुम्ही?”

सासरे उठून उभे राहिले. थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “सिस्टर, एक विचारायचं होतं. फोनवर विचारता येईना. त्या दिवशी मी साडेतीनलाच निघालो. तिनेच घालवलं मला. आभाळ आलंय, भिजाल, म्हणाली. वाटेत चेन पडली, उशीर झाला. घराचं कुलूप काढतोय, तर आत फोन वाजत होता. तुमचाच.” ते थांबले. “तिने मला हाक मारली होती का?”

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा आठवडे ते त्या खुर्चीत हाच प्रश्न घेऊन बसले होते.

कागद टेबलावर ठेवून सिस्टर सासऱ्यांच्या समोर आल्या.

“हाक नाही मारली, काका. किती वाजले, विचारलं. मी म्हटलं, सव्वाचार. तर म्हणाल्या, ‘मग पोचले असतील. कोरडे पोचले.’ आणि कुशीवर वळल्या. मी पाणी घेऊन आले, तोवर...”

“मी भिजलो होतो,” सासरे म्हणाले. “पार भिजलो होतो, सिस्टर.”

“ते त्यांना कुठे कळलं?”

सासरे खाली बसले आणि रडायला लागले. टोपी तोंडावर धरून, लहान मुलासारखे. अशा वेळी जावयाने काहीतरी बोलायला हवं. मी जीव तोडून बोललोसुद्धा. पण तोंडातल्या थर्मामीटरमुळे फक्त “म्म्म” असा आवाज आला. माझेही डोळे वाहत होते. तर त्यांनीच रडता रडता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बोलू नका,” ते म्हणाले. “पडेल तो.”

परतताना मला सीटवर बसणं शक्य नव्हतं. सासरे दोन हातांत दोन सायकली धरून चालले आणि मी मागून लंगडत. ऊन पडलं होतं, लगेच भुरभुर पाऊस, परत ऊन. सासरे बोलत होते. पाइपांबद्दल नाही, सासूबाईंबद्दल. त्यांना सायकल कधीच आली नाही. जन्मभर मागे कॅरिअरवर बसल्या आणि तिथून डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या करत राहिल्या. एकदा गतिरोधकावर त्या मागच्या मागे पडल्या, आणि यांना पुढच्या चौकापर्यंत पत्ताच नाही.

“मला वाटलं, रागावलीय, म्हणून बोलत नाहीये,” ते म्हणाले. “मी चौकभर माफी मागत होतो. कशाबद्दल, ते माहीत नव्हतं.”

आणि ते हसले.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला स्वयंपाकघरात बसवून सगळं स्वतः सांगितलं. मी दाराबाहेर उभा होतो. दोघं एकमेकांसमोर रडली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. खूप वेळ रडली. मी आत गेलो नाही. तेवढं शहाणपण माझ्यातही आहे.

मग बायको डोळे पुसत बाहेर आली, माझी ओली पँट धुवायला घेतली आणि खिशातला केसपेपर उलगडून वाचायला लागली. वाचता वाचता ती भिंतीला टेकली. मला वाटलं, पुन्हा रडतेय. पण ती हसत होती. पार पोट धरून.

वॉचमनने विचारून-बिचारून नव्हे, बघूनच लिहिलं होतं: ‘रुग्णाचे वय अंदाजे साठ, वजन अंदाजे नव्वद किलो.’ (मी शेहेचाळीस वर्षांचा आहे.) आणि खाली: ‘सोबत आलेली व्यक्ती: धाकटा भाऊ.’

“बाबा, हे बघा!” तिने कागद आत नेला.

सासऱ्यांनी चष्मा लावला. नकाशा तपासावा तसा तो कागद वरपासून खालपर्यंत तपासला. मग गंभीरपणे माझ्याकडे एकदा आपादमस्तक बघून ते म्हणाले,

“वजन मात्र बरोबर लिहिलंय.”