चौथ्या ग्लासातला धूर

नाकसाहेबांनी रविवारी सकाळी दाढी करताना आरशाला सांगून टाकलं, “आज सहापैकी सहा! डोळे मिटून!”

डोळे मिटून हे उगाच, बोलण्याच्या भरात. जे काही व्हायचं होतं ते डोळे उघडे ठेवूनच व्हायचं होतं, कारण नाक चार महिन्यांपूर्वीच मिटलं होतं. साधा फ्लू आला, आठ दिवस राहिला आणि जाताना पाहुण्याने चुकून यजमानांची छत्री न्यावी तसा वास घेऊन गेला. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, “येईल परत.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “किंवा नाही येणार.”

ही गोष्ट नाकसाहेबांनी कुणालाही सांगितली नव्हती. नोकरीवर तशी गरजही नव्हती. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत ते रोज बावीस बाटल्या हुंगायचे आणि वहीत ‘गंध : नाही’ असं लिहायचे. एकोणीस वर्षं तेच लिहीत होते. आता तर शपथेवर लिहिलं असतं! तिथे त्यांना कुणी साहेब म्हणत नसे. ‘ते बाटल्यावाले’ म्हणत, तेही क्वचित, कारण त्यांच्याविषयी बोलायची वेळच फारशी येत नसे.

साहेब ते व्हायचे महिन्यातून एकाच रविवारी, साडेतीन ते सहा, आपल्याच जेवणाच्या टेबलाशी. तेव्हा माल्ट मंडळाची बैठक भरायची. एकाच भट्टीत, निव्वळ बार्लीच्या माल्टपासून काढलेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. ती देशोदेशीची आणायची, बोटभर ओतायची, हुंगायची, घोट घ्यायचा आणि दहापैकी गुण द्यायचे. नऊ वर्षं नाकसाहेब अध्यक्ष होते. ते ग्लासात नाक घालून “ओलं चामडं” म्हणाले की बाकीचे तिघे वह्यांत ‘ओलं चामडं’ लिहीत. आयुष्यात त्यांचं बोलणं लिहून घेणारी माणसं तेवढीच.

आणि आता त्या तिघांपैकी दंतवैद्य बंडाला उठले होते.

“साहेब, या वेळी झाकून चाखायचं,” मागच्या बैठकीत दंतवैद्य गोड हसून म्हणाले होते. दात उपटण्याआधी हसायची त्यांना सवयच होती. “सहा बाटल्या, सहा मोज्यांत. माझी नर्स भरेल, म्हणजे मलाही कळणार नाही. उत्तरं पाकिटात. सहापैकी चार ओळखल्यात तर तुम्ही अध्यक्ष. नाहीतर पुढचं वर्ष... बघू की, कुणीतरी करेल.”

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नाक लागत नव्हतं.

यादी मात्र माहीत होती. स्कॉटलंडच्या दोन, त्यांतली एक बेटावरची, धुरकट. आणि आयर्लंड, जपान, तैवान, टास्मानियाची एकेक. नाकसाहेबांची योजना पक्की होती : रंग बघायचा, ग्लासाच्या कडेने ओघळ किती सावकाश उतरतात ते बघायचं, आणि बाकीचे काय पुटपुटतात ते ऐकून त्यांच्या दोन पावलं पुढे बोलायचं. रंग बघायला टेबलावर पांढराशुभ्र मेजपोस हवा. म्हणून त्यांनी त्याला साडेतीनला पाच मिनिटं असेपर्यंत बेडरूममध्ये, पलंगावर रजई पसरून, घासून घासून इस्त्री केली. अखेरची सुरकुती मोडली आणि बेल वाजली. नाकसाहेब मेजपोस घेऊन धावले. इस्त्री रजईवरच पालथी राहिली.

ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, भावाबरोबर याच घरात राहायची. पण मंडळाच्या दिवशी ती खालच्या मजल्यावर जाऊन बसे. “दारूचं मला काही नाही रे,” ती म्हणायची, “पण तुमचं वर्णन ऐकवत नाही.”

पहिला ग्लास फिकट, वाळक्या गवताच्या रंगाचा. “आयर्लंड!” नाकसाहेब ठणकावून म्हणाले. दुसरा गडद, जुन्या कपाटासारखा. “तैवान! शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली!” मुख्याध्यापक, निवृत्त होऊनही लाल पेन खिशाला लावणारे, भराभरा लिहीत होते. विमावाले मान डोलावत होते. ते कुठल्याही गोष्टीला आधी मान डोलवायचे आणि मग अटी वाचायचे. तिसऱ्याला “जपान” म्हणून टाकलं, पण ते केवळ दंतवैद्यांची नजर चुकवण्यासाठी.

चौथा ग्लास ना फिकट ना गडद. ओघळ धड सावकाश नाहीत, धड भरभर नाहीत. नाकसाहेबांनी नाक घातलं. आत काहीच नव्हतं. रिकाम्या घरात जाऊन हाका माराव्यात तसं झालं.

तेवढ्यात मुख्याध्यापक हळूच म्हणाले, “साहेब... धूर का?”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर आख्खं लाकूड आलं होतं!

“धूर!” नाकसाहेब गरजले. “शाब्बास सर! बेटावरची स्कॉच! दलदलीतली माती जाळून त्या धुरावर बार्ली वाळवतात. घ्या, खोल श्वास घ्या!”

तिघांनी खोल श्वास घेतला.

“अहाहा! जळकं लाकूड,” विमावाले म्हणाले.

“लाकूड वरवरचं आहे,” दंतवैद्य म्हणाले. मागे राहतील ते दंतवैद्य कसले! “मला खाली कापूस मिळतोय. जळका कापूस.”

“कापूस आहेच!” नाकसाहेब म्हणाले. “मी म्हणणारच होतो.”

“आणि किंचित... रंग? पलंगाला देतात तसला?” मुख्याध्यापक.

“व्हार्निश! सर, तुम्ही आज कमाल करताय!”

सर्वानुमते साडेनऊ गुण पडले. नऊ वर्षांत कुठल्याही बाटलीला एवढे पडले नव्हते.

पाचवा ग्लास ओतला तर त्यातही धूर! विमावाले गोंधळले. “पण धुरकट तर एकच होती ना यादीत?”

“मागच्या घोटाचा अंमल,” नाकसाहेब दयाळूपणे म्हणाले. “थोर व्हिस्की जिभेवरून लवकर उठत नाही.”

सहाव्याला तो अंमल एवढा वाढला की मुख्याध्यापकांना ठसका लागला. “डोळे चुरचुरतायत साहेब.”

“अल्कोहोल जास्त असणार. लिहा.”

“संध्याकाळ जरा लवकर झाली का?” विमावाले चष्मा पुसत म्हणाले. “मला तर आता धूर दिसतोयसुद्धा!”

“याला म्हणतात मुरणं!” दंतवैद्य म्हणाले.

नाकसाहेबांचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांच्या घशात काहीतरी खवखवलं होतं. नाकाच्या अगदी आत, चार महिने ओसाड पडलेल्या जागी, काहीतरी झोंबत होतं. डोळ्यांतून पाणी आलं. येतंय! परत येतंय! त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला आणि ते रडू लागले. मंडळाने आदराने पेनं खाली ठेवली. व्हिस्की चाखून रडलेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात ताई, तोंडाला पदर.

“अरे मेल्यांनो, घर पेटलंय!”

मुख्याध्यापकांनी वहीतून मान वर केली. “अच्छा,” ते म्हणाले, “घर.”

पुढे सगळं झटपट झालं. चौघे जिन्याने खाली आले, प्रत्येकाच्या हातात आपापला ग्लास. अग्निशमनवाले वर गेले आणि वीस मिनिटांत काळे होऊन खाली आले. पलंग गेला, कपाट गेलं, कपाटावरच्या नऊ वर्षांच्या चाखणीच्या वह्या गेल्या. बाकी घर भिजून वाचलं.

प्रमुख जवानाने फुटपाथवर फॉर्म काढला. “आग बराच वेळ धुमसत होती. तुम्ही शेजारच्याच खोलीत होता ना? वास नाही आला?”



“आला ना,” मुख्याध्यापक वही उघडून म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “चार पंचवीसला. जळका कापूस, व्हार्निश.”

“मग काय केलंत?”

“दहापैकी साडेनऊ दिले.”

जवानाने लिहिता लिहिता पेन थांबवलं. या उत्तरासाठी फॉर्मात रकाना नव्हता.

दंतवैद्यांनी खिशातून पाकीट काढून फोडलं. बराच वेळ वाचत राहिले. “चौथी टास्मानियाची,” ते शेवटी म्हणाले. “धूर अजिबात नाही. धुरकट पहिली होती. जिला आपण आयर्लंड म्हणालो.”

म्हणजे संपलंच. नाकसाहेबांनी ग्लास फुटपाथच्या कडेला ठेवला.

“मला चार महिने वास येत नाही,” ते म्हणाले. “कसलाच नाही. मी रंग बघून बोलत होतो. अध्यक्षपद तुमचं, डॉक्टर.”

ताई म्हणाली, “रोज विचारते जेवण कसं झालंय, तर म्हणतोस झकास!”

“झकासच असणार, ताई.”

तिने त्यांच्या खांद्यावरची राख झटकली, गरजेपेक्षा जरा जास्त वेळ. विमावाल्यांनी उगाचच रस्त्यावरच्या गाड्या मोजल्या. मग दंतवैद्य, आज पहिल्यांदाच न हसता, खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, तुम्हाला येत नव्हता हो. पण आम्हाला तर येत होता!”

यावर बाकीच्या तिघांनीही आपापले ग्लास फुटपाथच्या कडेला ठेवले.

बैठक तिथेच फुटपाथवर पुरी झाली. नाकसाहेबच पुढचं वर्ष अध्यक्ष राहावेत, असा ठराव दंतवैद्यांनी मांडला, मुख्याध्यापकांनी अनुमोदन दिलं आणि विमावाल्यांनी अटी न वाचता मान डोलावली. दुसरा कुणी उमेदवार उभाच राहू शकत नव्हता. चौघांत आग न ओळखायला सबळ कारण असलेला माणूस तो एकच होता.